झेंडा बदललेली घोडेस्वार आणि खाडीपलीकडचे आपण

१७ मार्च १९७०, वाशी गाव

तुमच्या पायाखाली खाडीचा चिखल आहे. ओहोटी लागली आहे, तिवरांची मुळं उघडी पडली आहेत आणि वाऱ्याला मिठाचा वास आहे. पुढे जिथे सेक्टर, मॉल आणि रेल्वे स्टेशन येणार, तिथे आत्ता भातखाचरं आणि मिठागरं ऊन खात पडली आहेत. समोर ट्रॉम्बेची टेकडी हाताच्या अंतरावर दिसते, पण तिकडे जायला पूल नाही. तो यायला अजून तीन वर्षं आहेत.

पलीकडे मुंबईत आज एका कंपनीची नोंदणी होते आहे. तिचं नाव सिडको. मुंबईची गर्दी उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडी ओलांडून नवं शहर वसवावं, हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार आता सरकारी कागदावर उतरतो आहे. त्या कागदावर ९५ गावं आहेत. तुमच्याशेजारी जाळं झटकणाऱ्या कोळ्याला अजून ठाऊक नाही की तो जागचा न हलता एका दुसऱ्याच शहराचा रहिवासी होणार आहे.

आता डोळे मिटा आणि लॉस एंजेलिसमध्ये उघडा. इथे एका घरात तीन महिन्यांचीही न झालेली तान्ही मुलगी आहे. जन्म २६ डिसेंबर १९६९. वडील रिचर्ड मायकल्स हे टीव्हीचे दिग्दर्शक, 'बिविच्ड' ही गाजलेली मालिका त्यांनी हाताळलेली. मुलीचं नाव मेरेडिथ.

ती आणि तुमचं शहर, नवी मुंबई, एकाच हंगामात जन्मली आहेत. पुढचा प्रवास या दोघांना शेजारी ठेवून करायचा आहे, कारण दोघांनाही आयुष्यभर तोच प्रश्न विचारला जाणार आहे: मूळचे कुठले?

१९८४, जासई आणि लॉस एंजेलिस

जानेवारीची थंडी आहे. तुम्ही उरणच्या रस्त्यावर जासईपाशी आहात आणि चारही बाजूंनी माणसं येताहेत. टोपी घातलेले म्हातारे, लुगडं खोचलेल्या आगरी बाया, कडेवरची पोरं. जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा, आणि ज्यांच्या शेतावर शहर उभं राहणार त्यांनाच त्या शहरात जागा नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा सवाल रस्त्यावर आला आहे. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार होतो आणि पाच शेतकरी हुतात्मे होतात. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण याच लढ्यातून पुढे येतं. ओळख बदलण्याची किंमत फक्त गाव सोडणाराच मोजतो असं नाही, हे इथे, या गर्दीत उभं राहिल्यावर कळतं.

त्याच वर्षीचा ऑगस्ट. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर ऑलिंपिकचं शो जंपिंग चालू आहे. तुम्ही प्रेक्षकांत बसता. खेळ तुम्हाला नवा असला तरी पाच मिनिटांत उमगतो. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे ठरलेल्या क्रमाने मांडले आहेत. दांडे खोबणीत नुसते टेकवलेले असतात. खुराचा हलका धक्काही पुरतो. दांडा पडला की चार दोष. घोडा पहिल्यांदा अडथळ्यापुढे अडला किंवा बगल देऊन गेला तर तेव्हाच्या नियमाने तीन. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचे दोष वेगळे. काहीच पाडलं नाही, कुठे अडलं नाही, तर ती फेरी 'क्लिअर'. शेवटी बरोबरी झाली तर थोड्याच अडथळ्यांची आणखी एक फेरी, तिला जंप-ऑफ म्हणतात. तिच्यात कमी दोष आणि कमी वेळ घेणारा जिंकतो.

अमेरिकेचा संघ आज पहिल्यांदा ऑलिंपिकचं सांघिक सुवर्ण जिंकतो. वैयक्तिक सुवर्णही अमेरिकेच्याच जो फार्गिसला मिळतं, टच ऑफ क्लास या घोडीवर. रेसमध्ये काही न जमलेली ही घोडी इथे मात्र राणीसारखी उड्या घेते आहे.

मेरेडिथ आता चौदा वर्षांची आहे. कॅलिफोर्नियात प्रशिक्षक कॅरेन हीली यांच्या हाताखाली ती घडते आहे. हे नीट लक्षात ठेवा: पुढे ही मुलगी जो देश सोडणार आहे तो या खेळातला दुबळा देश नाही. या घटकेला तो जगात पहिला आहे.

१९९१, म्युलेन

उत्तर जर्मनीतला लोअर सॅक्सनी प्रांत. सपाट, ओली, हिरवी जमीन, विटांची लांबलचक पागा, आणि पहाटेच्या धुक्यात घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. पाउल शोकेमोले यांचा हा तबेला. १९८१, १९८३ आणि १९८५ अशा सलग तीन युरोपीय स्पर्धा जिंकलेला हा माणूस आता घोडे तयार करतो, विकतो आणि रायडर घडवतो.

प्रिन्स्टन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारी मेरेडिथ इथे शिकायला आली आहे. तिच्यामागून तुम्ही दिवसभर फिरा. इथे स्पर्धेचा झगमगाट नाही. एका घोड्यावरून उतरायचं, दुसऱ्यावर बसायचं. तो तापट, पुढचा सुस्त, त्यापुढचा प्रत्येक सावलीला बुजणारा. प्रत्येकाला वेगळा हात, वेगळी मांड लागते. अमेरिकेत ती स्वतःच्या घोड्यावर बसून शिकली असेल, इथे दिवसाला कितीतरी अनोळखी घोडे समजून घ्यावे लागतात. भाषाही नवी आहे, पण पागेतली भाषा सगळीकडे सारखी: खरारा, खोगीर, लगाम, पाणी, घाम पुसणं.

याच तबेल्याच्या रायडरांत फ्रांके स्लोटहाक आहे. जन्माने डच, १९७९ पासून जर्मन. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या सुवर्णविजेत्या संघात तो होता, आणि १९९४ मध्ये जर्मनीकडूनच तो जगज्जेता होणार आहे. म्हणजे सीमा ओलांडून आलेला माणूस इथे नवलाचा नाही. इथे तुमची किंमत घोडा ठरवतो, आणि घोड्याला पासपोर्ट वाचता येत नाही.

ती शिकायला आली आणि राहिली.

आता परत या. ९ मे १९९२, वाशी. मानखुर्दहून सुटलेली पहिली लोकल खाडीवरून येते आहे आणि फलाटावर तुम्हाला पाय ठेवायला जागा नाही. याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाली आहे. मुंबईतला कांद्या-बटाट्याचा घाऊक बाजार खाडीपलीकडे आला, त्याच्यामागून सातारा-सांगलीकडचे माथाडी आले, बँकांतले कारकून आले, दक्षिणेतली, उत्तरेतली कुटुंबं आली. कोणाला विचारलं तर अजून 'आम्ही कराडचे', 'आम्ही पालघाटचे' असंच उत्तर येतं. पण पोरांना इथल्या शाळेत घातलं आहे. गाडी आली की गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणते, 'चला, आता आपल्या वाशीलाही गाडी आली.' त्या 'आपल्या' शब्दापर्यंत पोचायला तिला काही वर्षं लागली असणार. मेरेडिथलाही तितकीच लागणार आहेत.

१९९८ आणि १९९९, थेडिंगहाउझेन आणि हिकस्टेड

ब्रेमेनजवळचं थेडिंगहाउझेन हे छोटं गाव. मेरेडिथचं लग्न मार्कुस बेअरबाउमशी होतं. तो स्वतः पहिल्या प्रतीचा रायडर, आणि त्याचा भाऊ लुडगर ऑलिंपिक विजेता. त्याच वर्षी, १९९८ मध्ये, ती जर्मन नागरिक होते.

कचेरीच्या त्या टेबलापाशी क्षणभर थांबा. कागद एकच, सही एकच, पण त्या सहीने खेळाडूचं पुष्कळ काही बदलतं. कुठल्या निवडसमितीपुढे उभं राहायचं, लाल कोटावर कुठलं चिन्ह लावायचं, जिंकल्यावर कुठल्या राष्ट्रगीताला ताठ उभं राहायचं. ऑलिंपिकचा नियमही आड येतो. एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून उतरायचं तर साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. ती मुदत कमी करायची तर संबंधित देशांची आणि खेळाच्या महासंघाची संमती लागते.

या खेळात असे कागद पुष्कळांनी केले आहेत, आणि प्रत्येकाचं कारण निराळं. ह्युगो सिमोनला १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन संघात जागा मिळाली नाही. तो ऑस्ट्रियाकडून खेळू लागला आणि १९७९ मधला पहिलाच विश्वचषक जिंकला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला पीटर चार्ल्स आयर्लंडकडून १९९५ चा युरोपीय विजेता झाला, पुढे ब्रिटनकडे परतला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्या संघात होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जर्मनीसाठी सुवर्ण जिंकलेला उलरिख किर्शहोफ नंतर युक्रेनकडून उतरला. कुठे निवडीचा अन्याय, कुठे संधी, कुठे घोडा विकत घेऊन देणारा धनिक. घोडा लाखोंचा असतो आणि तो बहुधा रायडरच्या मालकीचा नसतो. मालक घोडा घेऊन गेला की रायडर पायउतार. म्हणून या खेळात झेंड्याच्या गोष्टीमागे घोड्याची गोष्ट शोधावी लागते.

मेरेडिथची वाट मात्र घराची होती. जिथे शिकली, जिथे संसार मांडला, जिथल्या पागेत सकाळ-संध्याकाळ राबली, त्या देशाची ती झाली.

आता १९९९, इंग्लंडमधलं हिकस्टेड. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. जर्मनी या खेळातलं घराणं आहे, आणि त्या घराण्याच्या अजिंक्यपद संघात आजवर एकाही स्त्रीची निवड झाली नव्हती. पहिली निवड झाली ती कॅलिफोर्नियातून आलेल्या या सुनेची. संघ सुवर्ण जिंकतो. जर्मनीत जन्मलेल्या मुलींसाठी जे दार बंद होतं ते बाहेरून आलेल्या मुलीने उघडलं. बाहेरून येणारा माणूस आतल्यांचं काही हिसकावून घेतो, असं आपण फार लवकर म्हणतो. तो काय घेऊन येतो याचा हिशेबही मांडायला हवा.

एप्रिल २००५, लास वेगास

बंदिस्त मैदान, प्रखर दिवे, आणि खच्चून भरलेले अमेरिकन प्रेक्षक. विश्वचषकाची अंतिम स्पर्धा. मेरेडिथ शटरफ्लाय या कुमेत घोड्यावर आत येते. १९९३ मध्ये जन्मलेला हा हॅनोव्हेरियन घोडा अत्यंत हळवा, चटकन बुजणारा. टाळ्यांचा कडकडाट झाला की त्याचे कान फिरतात आणि पाठ ताठ होते.

तिचे हात बघा. लगाम ओढलेला नाही आणि सोडलेलाही नाही. असा घोडा दटावून चालत नाही. त्याला प्रत्येक अडथळ्याआधी सांगावं लागतं की मी आहे, आणि हे सांगायला तिच्याकडे फक्त बोटं, पोटऱ्या आणि श्वास आहे. एवढा विश्वास एका मोसमात येत नाही. दोघांनी कित्येक वर्षं एकमेकांना दिलेली असतात.

चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २००४ मध्ये, ती जागतिक क्रमवारीत पहिली आली आहे. या खेळात स्त्री-पुरुष एकाच मैदानात, एकाच उंचीवर लढतात, आणि त्या एकत्र क्रमवारीत अव्वल ठरलेली ती पहिली स्त्री.

लास वेगासचा चषक ती जिंकते. अमेरिकेच्या मातीवर, अमेरिकेत जन्मलेली रायडर जर्मनीचा विजय साजरा करते आहे. तुमच्या मागच्या रांगेतला कोणी गप्प बसला असेल, पण बाकीचे उभं राहून टाळ्या वाजवतात. तुम्हीही वाजवा. २००८ मध्ये गोथेनबर्गला आणि २००९ मध्ये पुन्हा लास वेगासला ती हाच चषक जिंकणार आहे. तीनदा तो जिंकणारे रायडर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत स्त्री एकटी तीच.

सप्टेंबर २००६, आखेन

या प्रवासात एकच ठिकाण बघायची मुभा असती, तर मी तुम्हाला इथे आणलं असतं.

आखेनचं हे मैदान म्हणजे या खेळाची पंढरी. चाळीस हजारांच्या आसपास माणसं बसली आहेत आणि जागतिक अजिंक्यपदाचा शेवटचा दिवस आहे. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी रायडर पायी मार्ग मोजताहेत. तुम्ही त्यांच्याबरोबर चला. माणसाची चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग, साडेतीन मीटरच्या थोडी वर. दोन पावलं घोडा उतरायला सोडायची, दोन उडीला उठायला. मधल्या अंतरात पाच ढांगा बसतात की सहा, यावर सगळं अवलंबून. अंतर मुद्दाम अवघड ठेवलेलं असतं: पाच ढांगांना लांब, सहाला आखूड. घोड्याची चाल ओळखूनच निर्णय घ्यायचा. जवळून अडथळे बघितले की पोटात गोळा येतो. सर्वांत वरचा दांडा तुमच्या छातीशी आहे, आणि काही अडथळ्यांना मागे तेवढ्याच उंचीचा दुसरा दांडा. पाच-सहाशे किलोचं जनावर यावरून जायचं आहे.

आजचा नियम जगावेगळा आहे. शेवटच्या चार रायडरांनी आधी आपापल्या घोड्यावर फेरी करायची, मग घोडे बदलायचे. प्रत्येकाने बाकी तिघांच्या घोड्यांवर बसून तोच मार्ग पार करायचा. हाताशी फक्त काही मिनिटं. अनोळखी खोगीर, अनोळखी तोंड, अनोळखी स्वभाव.

चौघे कोण ते बघा. अमेरिकेची बीझी मॅडन, घोडा ऑथेंटिक. ऑस्ट्रेलियाची एडविना अलेक्झांडर, घोडी पिआलोटा. जर्मनीची मेरेडिथ, शटरफ्लाय. आणि बेल्जियमचा योस लान्सिंक, राखाडी कुमानो. हा लान्सिंक १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सुवर्णविजेत्या संघात होता. २००१ मध्ये तो बेल्जियन झाला. म्हणजे जगातल्या शेवटच्या चौघांपैकी दोघांनी देश बदलला आहे, आणि आता चौघेही घोडे बदलणार आहेत.

घोडे बदलायच्या जागेपाशी मोतद्दारांच्या घोळक्यात उभे राहा. मेरेडिथ शटरफ्लायवरून उतरते. ज्या हळव्या घोड्याला तिने वर्षानुवर्षं सांभाळून घडवलं, त्याच्या रिकिबीत आता दुसऱ्याचा पाय जातो. ती दुसऱ्याच्या घोड्यावर चढते. इथे कोणी घोडा बिघडवून देत नाही. कारण उघड आहे: माझा घोडा तुझ्या हातात आहे, तुझा माझ्या. प्रतिस्पर्धी असले तरी चौघांनाही एकमेकांच्या घोड्याची काळजी घ्यावीच लागते.

आता क्षणभर तुम्ही त्या परक्या खोगिरात आहात असं समजा. घंटा वाजली. पहिला अडथळा येतो आहे आणि घोडा तुमच्या सवयीपेक्षा लांब ढांग टाकतो. तुम्ही मागे ओढलंत तर तो चिडेल. सोडून दिलंत तर दांडा जाईल. तुम्हाला आपली सवय सोडून त्याची चाल घ्यावी लागते, आणि तरी पकड आपलीच ठेवावी लागते. परक्या मुलखात जाऊन राहिलेल्या प्रत्येकाने हे केलेलं असतं. तुमच्या आईवडिलांनीही केलं असेल, गावचं घर सोडून ऐरोलीच्या किंवा नेरुळच्या दोन खोल्यांत आले तेव्हा.

लान्सिंक सुवर्ण जिंकतो, मॅडन रौप्य, मेरेडिथ कांस्य. आखेनचे जर्मन प्रेक्षक तिघांनाही उभं राहून मानवंदना देतात. २०१४ नंतर घोडे बदलायची ही पद्धत बंद झाली. एका दिवसात चार-चार फेऱ्या हा घोड्यांवर ताण होता, त्यामुळे झालं ते बरंच झालं. पण त्या दिवशी या मैदानाने जे दाखवलं ते विसरण्याजोगं नाही.

२००८, नेरुळ, हाँगकाँग, दिल्ली

१ जून. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. नवं कोरं मैदान, आणि पहिल्याच आयपीएलचा अंतिम सामना. राजस्थान रॉयल्सचा कर्णधार ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न. शेवटच्या चेंडूवर विजयी धाव घेणारा पाकिस्तानचा सोहेल तन्वीर. जयपूरचा संघ, नवी मुंबईचं मैदान, पाकिस्तानी फलंदाज, आणि तुम्ही उड्या मारताय. त्या रात्री त्याचा पासपोर्ट कोणालाही आठवत नव्हता. खेळाला ही ताकद आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच उपनगरात दिसली.

ऑगस्टमध्ये हाँगकाँग. ऑलिंपिक बीजिंगचं, पण घोड्यांच्या रोगांच्या आणि विलगीकरणाच्या अडचणीमुळे घोडेस्वारी इथे, शा टिनला. दमट रात्र, दिव्यांखाली चकाकणारी घामेजली घोडी. कांस्यासाठी सात जणांची बरोबरी होते आणि जंप-ऑफ लागतो. कांस्य मॅडन नेते. मेरेडिथ चौथी. सगळं काही करूनही हात रिकामा राहणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर वाचा. मग ती शटरफ्लायच्या मानेवर थाप मारते. त्याने आपलं काम केलं होतं.

डिसेंबरमध्ये दिल्ली. क्रीडा मंत्रालय धोरण जाहीर करतं: भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेला, टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश भारताकडून डेव्हिस चषक खेळत होता. अमेरिकी नागरिकत्वामुळे त्याला हे दार बंद होतं. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणं-जाणं आणि राहणं सोपं होतं, पण मत देता येत नाही आणि भारताचा खेळाडूही होता येत नाही. या धोरणाच्या बाजूने म्हणण्यासारखं आहे: देशाचं नाव छातीवर लावणाऱ्याने देशाची जबाबदारीही घ्यावी. पण त्याची किंमतही आहे, आणि ती मोजायला पुढच्या थांब्यावर चला.

२०१० ते २०१६, झरझर

केंटकी, २०१०. मुलगी झाल्यावर काही महिन्यांतच मेरेडिथ पुन्हा घोड्यावर. चेकमेट हा घोडा, जागतिक सांघिक सुवर्ण, पुन्हा अमेरिकेच्या मातीवर, पुन्हा जर्मनीसाठी. आखेन, २०११: अठरा वर्षांच्या शटरफ्लायचा निरोप समारंभ, आणि सगळं मैदान उभं. रिओ, ऑगस्ट २०१६: फिबोनाची या घोड्यावर, कॅनडाविरुद्धच्या जंप-ऑफनंतर सांघिक कांस्य. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं पहिलं ऑलिंपिक पदक. जर्मन झाल्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

सप्टेंबर २०२३, हांगझोऊ

आता आपला झेंडा वर जातो आहे. आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारातलं, सांघिक सुवर्ण भारताला. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये रघुबीर सिंह यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी घोडेस्वारीत सुवर्णपदकं जिंकली होती. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी हे आलं. डोळे पाणावू द्या, लाजायचं कारण नाही.

पण त्यांचे घोडे कुठून आले ते विचारा. युरोपातून. वर्षानुवर्षं या तरुणांनी घर सोडून युरोपात सराव केला, कारण भारतातले घोडे युरोपात स्पर्धेला नेणं रोगनियमांमुळे जवळपास अशक्य होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसावा आलेला घोडेस्वार फवाद मिर्झाही जर्मनीत राहूनच तयार झाला. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्राला घोड्यांसाठी रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे या वाटेवरचा पहिला दगड बसला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा पुण्याजवळच्या एखाद्या पागेत शिकणाऱ्या मुलीसमोर आजही तोच पेच आहे: खूप पुढे जायचं तर देश सोडून राहायचं. दहा वर्षं तिथे राहिल्यावर तिथलीच माणसं, तिथलंच घर, तिथलंच नागरिकत्व जवळचं वाटू लागलं, तर तिला तुम्ही काय म्हणाल?

मी काय म्हणेन ते सांगतो. तिला गद्दार म्हणायचा हक्क आपल्याला नाही, निदान नवी मुंबईत राहणाऱ्याला तरी नाही. हे शहर दोन प्रकारच्या माणसांचं आहे: ज्यांनी आपली गावं सोडली, आणि ज्यांच्या गावावर शहर आलं. पहिल्यांनी नवी जागा आपली केली. दुसऱ्यांनी आपल्याच जागेत आपलं असण्यासाठी लढा दिला. दोघांनाही ठाऊक आहे की माणूस एका ठिकाणचा होतो तो जन्मदाखल्याने थोडा आणि तिथे घाम गाळल्याने जास्त. मेरेडिथ मायकल्स-बेअरबाउमने जर्मनीला पदकं दिली, पण त्याआधी कित्येक वर्षांच्या पहाटा दिल्या. जर्मनीने तिला पागा दिली, घोडे दिले, संघात जागा दिली, आणि हरली तेव्हाही आपलंच मानलं. व्यवहार दोन्ही बाजूंनी पूर्ण झाला.

आपल्याला आपले रायडर आपल्याच झेंड्याखाली हवे असतील, तर आपली बाजू पूर्ण करायची आहे. घोड्यांना सीमा ओलांडता येईल असे रोगमुक्त विभाग मेरठपाशी थांबता कामा नयेत. एक महाराष्ट्रात हवा. सराव मूठभर क्लबांच्या सदस्यांपुरता राहू नये. घणसोलीच्या माथाडीची मुलगीही खोगिरावर बसू शकेल अशी सार्वजनिक पागा हवी. आणि परदेशात वाढलेल्या, भारताकडून खेळू इच्छिणाऱ्या मुलांसाठी २००८ च्या धोरणाचा पुन्हा एकदा मोकळ्या मनाने विचार व्हावा. एवढं करूनही कोणी दुसऱ्या देशाची झाली, तर तिला आनंदाने निरोप द्यावा आणि तिच्या विजयाला टाळ्या वाजवाव्यात, जशा लास वेगासच्या त्या अमेरिकनांनी वाजवल्या. तेवढं मोठं मन दाखवायला देश मोठा असावा लागतो, आणि आपला आहे.